दोघींचं गजकर्ण

कंडक्टरला खाजवायची सोय नसते. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हाताने वरचा दांडा धरलेला, आणि गाडीतल्या प्रत्येकाचं लक्ष कधी ना कधी आपल्याकडे जातंच. यवतमाळ डेपोत मी लागले त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. बहुतेक ड्यूटी पुसदची, अधूनमधून कळंबची. मे महिना होता. खाकी ड्रेसच्या आत, मशीनचा पट्टा जिथे घासतो तिथे, कमरेवर खाज सुटली. घामोळ्या असतील म्हणून मी पावडर टाकली. चार दिवसांनी आंघोळीच्या वेळी पाहिलं तर बांगडीएवढा लाल डाग, कडा उंच, मधली कातडी जरा साफ. आमच्या भागात हे ओळखायला डॉक्टर लागत नाही. गजकर्ण होतं.

ड्यूटी संपल्यावर एका मेडिकलमध्ये गेले. दुकानात दोन-तीन बाप्ये उभे होते, म्हणून मी हळू आवाजात सांगितलं. दुकानदाराने पुरतं ऐकलंही नाही. एक ट्यूब काढून दिली. "हे सगळ्यावर चालते," म्हणाला.

चालली की. दुसऱ्या दिवशी खाज थांबली, पाचव्या दिवशी डाग फिका पडला. मी ट्यूब कपाटात टाकली आणि विसरले. पंधरा दिवसांनी तो डाग परत आला, सोबत दोन नवे घेऊन. परत ट्यूब, परत आराम. पावसाळा सरेपर्यंत मी किती ट्यूबा संपवल्या ते आता आठवत नाही. डाग कमरेवरून पोटावर आले, मग जांघेत, मग पाठीवर. एक मानेवर आला तेव्हा कॉलरची वरची गुंडी लावायला लागले.

मी एकटी राहायचे. लग्न झालं होतं, तीन वर्षांत मोडलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आई गेल्यावर पुसदला फक्त भाऊ आणि वहिनी उरले. यवतमाळला एका जुन्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत, मागच्या बाजूची खोली भाड्याने घेतली होती. पुढच्या घरात घरमालकीण, काकू, त्याही एकट्याच. नवरा तहसील कचेरीत होता, तो वारलेला. मुलगा पुण्याला कंपनीत.

खोली पाहायला गेले तेव्हा काकूंनी आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. त्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. आमचं आडनाव ऐकून लोक असे गप्प राहतात, त्याची मला सवय होती. मग म्हणाल्या, "पाहून घे खोली. आवडली तं सांग."

पहिलं वर्षभर त्या चहा द्यायच्या तो घराबाहेरच्या ओट्यावर ठेवून. मी कप धुवून ओट्यावरच परत ठेवायचे. दुसऱ्या वर्षी त्यांना ताप आला, मी दोन दिवस रजा काढून त्यांचं केलं, पेज करून दिली, औषध दिलं. त्यानंतर ओट्यावरचा चहा बंद झाला. एक दिवस त्या आतूनच ओरडल्या, "बाहेर काहून उभी आहेस? ये ना आत." मी स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले. त्यांनी माझ्या हातात कप दिला. त्या विषयावर आम्ही दोघी कधीच बोललो नाही. पुढे तर माझ्या सुट्टीच्या दुपारी मी त्यांच्याकडेच असायचे. घरात एकच कूलर होता. त्याच्यासमोर एक गादी टाकून आम्ही दोघी पडायचो. त्यांचे पाय दुखायचे, मी दाबून द्यायचे. त्या माझ्या केसांना तेल लावायच्या आणि कचेरीतल्या लोकांच्या जुन्या गोष्टी सांगायच्या. यवतमाळचा उन्हाळा म्हणजे घराबाहेर पडायचं नाव नाही. ड्यूटी सोडली तर मला दुसरं माणूसच नव्हतं, आणि काकूंना तर ड्यूटीही नव्हती.

भाऊबीजेला पुसदला गेले. भावाला ओवाळताना हात पुढे केला तशी बाही वर सरकली. मनगटाच्या वर एक गोल डाग होता, तो वहिनीला दिसला.  रात्री माझी झोपायची चटई तिने वेगळी टाकली, आणि सकाळी मी अंगणात ब्रश करत असताना तीच चटई गरम पाण्यात बुडवलेली पाहिली. भाची माझ्या मांडीवर बसायला आली तर वहिनीने तिला आतून हाक मारली. एकदा नाही, तीनदा. मला वहिनीचा राग आला नाही. घरात लहान लेकरू आहे, तिने तेच करायला पाहिजे होतं. पण मी दुपारच्याच गाडीने परत निघाले, आणि त्यानंतर फोनवर "ड्यूटी लागली" असं सांगत राहिले.

गाडीतही लोकांना कळायला लागलं होतं. सुट्टे पैसे परत देताना काही बाया माझ्या बोटांना बोट लागणार नाही अशा बेताने घ्यायच्या. डेपोच्या लेडीज रेस्टरूममध्ये माझ्या शेजारची खाट रिकामी राहायची. कोणी तोंडावर काही म्हणत नव्हतं. म्हटलं असतं तर निदान मी काही उत्तर दिलं असतं.

फक्त काकू पूर्वीसारख्याच होत्या. पाठीवरच्या डागांना माझा हात पुरत नव्हता, तर त्याच ट्यूब लावून द्यायच्या, उघड्या बोटांनी. मी म्हटलं, "काकू, तुम्हाले होईन ना." तर म्हणाल्या, "मले काय होते आता म्हातारीले." मला वाटायचं, जगात एका तरी माणसाला माझी किळस येत नाही.

पुढच्या मार्चमध्ये ऊन तापलं आणि अंग पेटल्यासारखं झालं. मधल्या काळात कातडी इतकी पातळ झाली होती की जांघेत पांढरे-जांभळे ओरखडे उठले होते, जसे बाळंतपणानंतर पोटावर उठतात. मी घाबरले आणि सरकारी दवाखान्यात चामडीच्या ओपीडीत जाऊन बसले. डॉक्टर बाई तरुण होती. तिने पडदा ओढून सगळं नीट पाहिलं. कोणीतरी एवढ्या शांतपणे माझं अंग पाहावं आणि तोंड वाकडं करू नये, याला बरेच दिवस झाले होते. मी पिशवीतून ट्यूब काढून दाखवली.

"ही आधी बंद करा," ती म्हणाली. "यात स्टिरॉइड आहे. खाज दाबतं, लाली घालवतं, तुम्हाला वाटतं बरं झालं. पण कातडीची लढायची ताकदही जाते, आणि बुरशी आरामात पसरत राहते."

तिने एक साधं मलम आणि रोज एक गोळी लिहून दिली. आणि बजावलं, ट्यूब बंद केल्यावर आधी वाढेल, घाबरून परत लावू नका.

वाढलं म्हणजे काय वाढलं. दहा-बारा दिवस मी खोलीतून बाहेर पडले नाही. अंगावर सुती साडीचा तुकडा गुंडाळून फरशीवर पडून राहायचे. चादर सहन होत नव्हती. भिंतीला पाठ घासायची इच्छा व्हायची आणि मी हात मांड्यांखाली दाबून ठेवायचे. कपाटात अर्धी ट्यूब होती. एका दुपारी ती उघडून हातात घेतली, आणि मग मोरीत नेऊन सगळी पिळून टाकली. काकू दोन्ही वेळा वरण-भात आणून द्यायच्या आणि जवळ बसून वर्तमानपत्राने वारा घालायच्या.

सहा आठवडे गोळी घेतली. एक दिवस चुकवली नाही. डाग हलले नाहीत.

मला वाटलं डॉक्टर म्हणेल, तुम्ही नीट घेतली नसेल. ती तसं म्हणाली नाही. तिने ब्लेडने एका डागाच्या कडेचा कोंडा हळूच खरवडून काचेवर घेतला, थोडा कागदात बांधला. "हा नागपूरला पाठवते. तिथे ही बुरशी वाढवून पाहतील, कोणतं औषध चालतं ते. वेळ लागेल."

"गोळी चांगली नव्हती का?" मी विचारलं.

"गोळी चांगलीच आहे. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत काम व्हायचं. आता कितीतरी पेशंटमध्ये चालत नाही. लोक चार दिवस औषध लावतात, सोडतात, परत लावतात. त्यात जी बुरशी मरत नाही ती उरते, आणि तीच पुढच्या माणसाच्या अंगावर जाते."

महिनाभराने रिपोर्ट आला. माझी बुरशी त्या पहिल्या गोळीला भीक घालत नव्हती. डॉक्टरने दुसरी गोळी सुरू केली, ती जेवणानंतर लगेच घ्यायची. रक्त तपासून घेतलं. आणि यावेळी फरक पडला. डाग कडेने विझत गेले. जूनमध्ये मी पहिल्यांदा मानेची गुंडी उघडी ठेवून ड्यूटी केली. पण जुलै लागला आणि पोटाच्या एका बाजूला, अगदी नव्या जागी, दोन गोल डाग उठले. गोळी चालू असताना.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "हे बाहेरून येतंय. घरी कोण कोण आहे?"

"कोणी नाही."

"टॉवेल, अंथरूण, कपडे कोणासोबत?"

"मी एकटी राहते."

"बरं, घरचं सोडा. तुमच्या अंगाला कोणाचं अंग लागतं? नेहमीचं."

ओपीडीच्या बाहेर रांग होती. आत दोन शिकाऊ डॉक्टर उभे होते. मला एकच नाव आठवलं आणि मी ते सांगितलं नाही. म्हटलं, "कोणाचंच नाही."

घरी येताना ऑटोत मी एकेक गोष्ट आठवत गेले. काकू अलीकडे माझ्यासमोर कपडे बदलत नव्हत्या. पाय दाबताना लुगडं गुडघ्याच्या वर जाऊ देत नव्हत्या. कूलरसमोर पडल्या की माझ्याकडे पाठ करायच्या आणि माझा डोळा लागला असं वाटलं की त्यांचा हात कमरेशी जायचा. मला ते सगळं दिसलं होतं. म्हाताऱ्या बाईची लाज म्हणून मी त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

त्या भाजी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले.

"काकू, तुम्हाले पण आहे का?"

"काय?"

"गजकर्ण."

त्यांनी मेथीची एक काडी घेतली, पानं तोडली, काडी बाजूला टाकली. मग दुसरी घेतली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुह्या आधीपासून," त्या म्हणाल्या.

त्या उठल्या, आत गेल्या आणि देवघराच्या खालच्या कप्प्यातून एक डबा आणला. त्यात माझ्यासारख्याच ट्यूबा होत्या, अर्ध्या, पाव, पिळून गुंडाळलेल्या. खाज सुटली की चार दिवस लावायच्या, थांबली की बंद. तीन वर्षांपासून. मुलाला सांगितलं नव्हतं, डॉक्टरला दाखवलं नव्हतं. बाईमाणसाची तसली जागा कोणाला दाखवायची, असं त्या म्हणाल्या.

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू येणं बंद केलं असतं."

मी उठून माझ्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं. आठ दिवस मी पुढच्या घरात गेले नाही. राग आला होता, खूप. वहिनीची ती चटई, रेस्टरूममधली रिकामी खाट, ते दहा-बारा दिवस फरशीवर लोळणं, सगळं मला काकूंच्या त्या डब्यात दिसत होतं. आणि त्यांना माझी किळस येत नाही म्हणून मी मनातल्या मनात किती आनंद मानला होता. किळस कशी येणार, ते त्यांचंच होतं. पण मग हेही आठवायचं की त्यांनी वर्तमानपत्राने वारा घातला तेव्हा त्यांच्याही अंगाला खाज सुटलेलीच असेल, तरी त्यांनी हात थांबवला नव्हता.

नवव्या दिवशी सकाळी मी दार वाजवलं. म्हटलं, "आंघोळ करून घ्या. दवाखान्यात जायचं आहे."

रांगेत त्या माझ्या शेजारी पदर घट्ट धरून बसल्या होत्या. पडद्याआड जायला तयार नव्हत्या, मी सोबत गेले तेव्हा गेल्या. त्यांच्या कमरेभोवती, जांघेत, पाठीवर एकात एक मिसळलेले डाग होते, काळे पडलेले. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. त्या भिंतीकडे पाहत होत्या. डॉक्टरने त्यांच्या जुन्या औषधांची चिठ्ठी वाचली आणि सुस्कारा टाकला. काकूंचं हृदय कमजोर होतं, त्याच्या गोळ्या चालू होत्या. ज्या गोळीने मला गुण येत होता ती त्यांना देता येत नव्हती. आणि जी देता आली असती ती या बुरशीवर चालण्याची आशा कमी.

"यांना मलमावरच काढावं लागेल," डॉक्टर म्हणाली. "वेळ लागेल, पण जाईल. दोघींनीही सोडायचं नाही. आणि बरं होईपर्यंत गादी वेगळी, टॉवेल वेगळे, कपडे वेगळे धुवायचे. उन्हात कडक वाळवायचे. एकमेकींना हात न लावता राहा काही महिने."

भांडी वेगळी नकोत का, असं काकूंनी विचारलं. डॉक्टर म्हणाली, भांड्यांचा काही संबंध नाही. मला बरं वाटलं. माझ्या आईने वेगळ्या कपांचे आणि वरून ओतलेल्या पाण्याचे खूप किस्से सांगितले होते. काकूंच्या घरातला तो एक कप मिळवायला मला दोन वर्षं लागली होती, तो जायला नको होता.

तेव्हापासून दोन बादल्या झाल्या, दोन दोऱ्या झाल्या. मलम त्या स्वतःच लावायच्या. पाठीला हात पुरत नव्हता, म्हणून लाकडी उलथण्याला कापड गुंडाळून त्याने लावायच्या. मला ते पाहवत नव्हतं. मी दवाखान्यातून हातमोजे आणले, तर त्या म्हणाल्या, "राहू दे. डॉक्टरीण बोलली ना." त्यांनी एकदा ऐकायचं ठरवलं की मग ऐकायच्याच. संध्याकाळी मी ओट्यावर बसायचे, त्या आत जाळीच्या दाराशी. बोलायचो. पण हात न लावता बोलणं लवकर संपतं. पाय दाबत असलं की दोघी गप्प बसलो तरी चालायचं. आता गप्प झालो की त्या उठून आत जायच्या.

पोळ्याच्या सुमारास काकूंचा मुलगा पुण्याहून आला. दोन दोऱ्या, दोन बादल्या, आईची ती पाठ, सगळं त्याच्या नजरेस पडलं. बिचारा घाबरला. मी ड्यूटीवरून आले तेव्हा तो ओट्यावर उभा होता.

"ताई, एक विचारू? राग मानू नका. हे आईला तुमच्यापासून झालं का?"

काकू जाळीच्या आत खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना ऐकू गेलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि पदराची कड बोटाला गुंडाळत राहिल्या.

"दोघींनाही आहे," मी म्हटलं. "इलाज चालू आहे."

"तुमची रोज इतक्या लोकांत ऊठबस," तो म्हणाला, "आलं असेल गाडीतून." तो वाईट बोलला नाही, आवाजही चढवला नाही.  मी खोलीत येऊन ड्रेस बदलला आणि गोळी घ्यायची म्हणून दोन पोळ्या खाल्ल्या.

तीन दिवसांनी तो त्यांना पुण्याला घेऊन गेला. खोली सोडू नका, घरात माणूस असलेलं बरं, असं मला सांगून गेला. गाडीत बसताना काकू म्हणाल्या, "कूलरचं पाणी काढून ठेव." एवढंच. मी गाडीपाशी उभी होते, पण पाया पडता येत नव्हतं, जवळ घेता येत नव्हतं. डॉक्टरचं सांगणं होतं म्हणून, आणि मुलगा पाहत होता म्हणूनही.

माझे डाग दिवाळीपर्यंत गेले. त्यानंतरही डॉक्टरने गोळी चालू ठेवली, मग हळूच बंद केली. थंडी सरताना मी शेवटची दाखवायला गेले. तिने पडदा ओढून पाठ, पोट, कंबर, सगळं पाहिलं. ठिकठिकाणी तपकिरी सावल्या होत्या, त्या जातील म्हणाली. ओरखडे राहतील.

"साफ आहे," ती म्हणाली. "आता यायची गरज नाही."

मी थँक यू म्हटलं आणि बाहेर आले. ओपीडीच्या पायऱ्यांवर उभी राहून मोबाइल काढला. भावाला लावला, तो कामात होता, "छान झालं, संध्याकाळी बोलतो," म्हणाला. संध्याकाळी त्याचा फोन आला नाही. पुसदला जाऊ शकत होते आता. भाचीला मांडीवर घेऊ शकत होते. मी ड्यूटी चार्टवर पुसदची गाडी लागली की त्यांच्या घरावरून जाते, पण स्टँडवर गाडी वळायला फार थोडा वेळ असतो. आणि खरं सांगायचं तर सुट्टीच्या दिवशीही मी अजून गेले नाही. वर्षभर जे माणूस दूर सरकतं, त्याला परत जवळ कसं सरकायचं ते सुचत नाही.

काकूंचा फोन मागच्या आठवड्यात आला. त्या फोन स्वतः लावत नाहीत, नातवाकडून लावून घेतात. कमरेचं गेलं, पाठीचं थोडं राहिलं आहे असं सांगितलं. मलम सून लावून देते.

"नीट लावते ना?"

"लावते. मोजे घालते हातात," त्या म्हणाल्या. मग आपणहून म्हणाल्या, "मी सांगतलं त्याले. माह्यापासूनच तिले झालं म्हणून."

"कोणाले?"

"पोराले. दिवाळीतच सांगतलं."

"मग? काय म्हणाले?"

"काही नाही बोलला."

 मला त्यांना सांगायचं होतं की मी कधीच राग सोडून दिला आहे. पण सोडला आहे का, ते मला नक्की माहीत नव्हतं, आणि फोनवर खोटं बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, माझं साफ झालं, डॉक्टरने येऊ नको सांगितलं.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "आता कोणाशी बोलतेस तू घरी आल्यावर?"

"बोलणं गाडीतच होऊन जाते दिवसभर."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. नातू फोन मागत होता. त्या म्हणाल्या, "ठेवते गं," आणि ठेवायचं बटण त्यांना सापडेना, म्हणून थोडा वेळ त्यांच्या घरातले आवाज मला ऐकू येत राहिले, सुनेचं बोलणं, टीव्ही, भांडी. मी ते ऐकत उभी राहिले. मग कोणीतरी फोन बंद केला. मी डबा भरला आणि डेपोला निघाले.